१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या नेमकी कुठल्या कप्प्यात बसते?

चौकटीची_वही

परवा लेकीने विचारलं, "आई, नऊ एक्के गुणिले नऊ एक्के किती?" म्हणजे १११११११११ × १११११११११. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात असं काहीतरी दाखवलं. तिला ते पटेना. मग चौकटीच्या वहीवर हाताने मांडलं. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. बेरीज उतरली ती अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

दोघी बराच वेळ बघत बसलो. आता तिचा प्रश्न आहे की ही संख्या "कोणत्या प्रकारची" आहे. माझ्याकडून एवढंच निघालं: विषम आहे, संयुक्त आहे, पूर्ण वर्ग आहे, उलटी वाचली तरी तीच राहते. याच्या पुढे काय सांगता येईल? आणि माझा स्वतःचा एक प्रश्न: हे सौंदर्य खरंच त्या संख्येचं आहे, की आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसणारा योगायोग?

निशिगंध_२

काय सुरेख दिसते! वाचतेय.

दशांश

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो: योगायोग. संख्या म्हणजे लिहिलेले अंक नव्हेत. हीच संख्या दोनच्या पद्धतीत लिहिली तर ५४ अंकी होते आणि १-२-३ ची चढण-उतरण कुठेच दिसत नाही. मूळ असणं, वर्ग असणं, विभाजक किती हे संख्येचे गुण. उलटसुलट सारखी दिसणं, अंकांची बेरीज वगैरे हे कपड्यांचे गुण. गणितात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे.

जुना_मास्तर

दशांशराव, थोडं थांबा. कपड्यांनाही शिवण असते.

आधी मुलीसाठी सांगतो. हिला नाव आहे. ६१७४ या स्थिरांकाचे गणिती कापरेकर सगळ्यांना माहीत असतात. त्याच दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) 'डेम्लो संख्या' अभ्यासल्या. ही कल्पना त्यांना रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली, त्याचं तेव्हाचं नाव डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. १६५, २५५३, ४७७७३ या डेम्लो संख्या आहेत. पहिला आणि शेवटचा अंक मिळवा, मधला अंक मिळतो आणि तोच मध्ये भरलेला असतो. ४ आणि ३ मिळून ७, म्हणून ४७७७३. आणि १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेला त्यांनी 'अद्भुत डेम्लो' म्हटलं. वहीवर उतरलेली संख्या या मालिकेतली नववी.

दुसरं असं की कापरेकरांच्याच व्याख्येने ही 'हर्षद' संख्याही आहे. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. इथे अंकांची बेरीज ८१ येते.

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य. आणि हे उत्तरही १२३४५६७९ चा वर्ग आहे. तीच ती 'आठ गाळलेली' संख्या, जिला ९ ने गुणलं की नऊ एक्के येतात.

कापरेकरांकडे विद्यापीठातलं पद नव्हतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि असल्या संख्यांवर जीव लावला. म्हणून 'कपडे' हा शब्द मला जरा लागला.

दशांश

सर, कापरेकरांबद्दल मला आदरच आहे. शब्द चुकला असेल तर मागे घेतो. मुद्दा मात्र कायम आहे.

हातचा_एक

माझ्या मते इथे सगळी गोष्ट हातच्याची आहे.

वहीवरच्या त्या नऊ ओळी आठवा. प्रत्येक रकान्यात एक्केच. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, मग परत उतरण. नऊपर्यंत हातचा येतच नाही, म्हणून रकान्याची उंची तशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एक्के घेतले की मधला रकाना दहाचा होतो, हातचा एक येतो आणि मांडणी मोडते:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

बघा, आठ गायब आणि मध्ये दोन शून्यं. म्हणजे आपली संख्या ही हातचा न येता जाता येणारी शेवटची पायरी आहे.

दशांश, आता तुमच्यासाठी. १२३४५६७८९८७६५४३२१ हे अंक अकराच्या पद्धतीतले समजा. बाराच्या, सोळाच्या, शंभराच्या पद्धतीतले समजा. दर वेळी संख्या वेगळी असेल, पण दर वेळी ती पूर्ण वर्गच असेल आणि वर्गमूळ दर वेळी नऊ एक्केच असेल. पाया दहा किंवा त्याहून मोठा असला की झालं. कारण आत बसलेली आहे एक बहुपदी:

(१ + क + क² + … + क⁸)²

'क'च्या जागी पाया ठेवायचा. याला योगायोग म्हणवत नाही.

दशांश

हे मान्य. बहुपदीचा गुण असेल तर तो कपड्यांपुरता नाही. मग हर्षद असणंही बहुपदीतून निघतं का? तसं दाखवलंत तर मी पूर्ण शरण.

हातचा_एक

निघतं. अंकांची बेरीज म्हणजे त्याच बहुपदीत क = १ ठेवणं: ९² = ८१. आणि दहाला ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून नऊ एक्क्यांना ९ ने भागताना बाकी १ + १ + … नऊ वेळा, म्हणजे ९, म्हणजे शून्य. नऊ एक्क्यांना ९ ने भाग जातो, तर वर्गाला ८१ ने जाणारच.

हे सगळ्या अद्भुत डेम्लोंना लागू होत नाही, ते तपासलं. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भाग जातो, १३६९ येतात. १२३४३२१ ची १६, विषम संख्येला १६ ने भाग कसा जाणार? पाच, सहा, सात, आठ एक्क्यांचंही जमत नाही. नवांत फक्त पहिली, तिसरी आणि नववी हर्षद. १, ३, ९!

निशिगंध_२

१, ३, ९ वाचून अंगावर काटा आला. खरंच.

ऊन_सावली

अवांतर: मी ही संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली, तर शेवटच्या २१ च्या जागी ०० आले. १२३४५६७८९८७६५४३००. दोनदा टाकली, दोन्ही वेळा तेच. माझ्या संगणकात बिघाड आहे का?

बिट_आणि_बाइट

ऊन_सावली, बिघाड नाही. स्प्रेडशीट साधारणपणे १५ अर्थपूर्ण अंकच ठेवते. आपल्या संख्येला १७ अंक आहेत, म्हणून शेवटचे दोन गेले.

आणि हे फक्त स्प्रेडशीटचं नाही. संगणकात दशांशचिन्ह असलेल्या संख्या साठवायची जी रूढ ६४ बिटांची पद्धत आहे, तिच्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक मावतो. तो घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढे, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या बरोबर या पट्ट्यात येते आणि ती विषम आहे. ब्राउझरमध्ये साध्या संख्येसारखी टाकली तर ती १२३४५६७८९८७६५४३२० होते. शेवटचा एक्का गळतो आणि त्याबरोबर वर्ग असणं, उलटसुलट असणं, सगळंच जातं.

उपाय दोन. मजकूर म्हणून साठवा, नाहीतर ६४ बिटांचा पूर्णांक प्रकार वापरा. त्यात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत मावतं, तिथे आपली संख्या आरामात बसते. १६ अंकी कार्ड क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उतरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो आणि कळतही नाही.

ऊन_सावली

मनापासून धन्यवाद. आता जुन्या याद्या सगळ्या तपासते.

चौकटीची_वही

हे सगळं लेकीला वाचून दाखवतेय. तिचा पुढचा प्रश्न: "हिचे तुकडे किती होतात?" म्हणजे मूळ अवयव. ३ आणि ३७ आम्हाला सापडले. पुढे ३३३६६७ वर अडलोय. तो मूळ आहे की नाही?

मुक्ता_ल

मूळ आहे. कसं ते सांगते, कारण पाटी-पेन्सिलने होण्यासारखं आहे.

हातचा_एक यांची बहुपदी आधी फोडा:

१ + क + … + क⁸ = (१ + क + क²)(१ + क³ + क⁶)

क = १० ठेवलं की १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. सरळ गेलात तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण एक सवलत आहे. ३३३६६७ ला भागणारी मूळ संख्या प असेल, तर तिने १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशाचं आवर्तन नेमकं नऊ अंकांचं असायला हवं. आणि आवर्तनाच्या लांबीने प − १ ला पूर्ण भाग जातो, हे फेर्माच्या छोट्या प्रमेयातून येतं. प − १ सम आहे, त्यात ९ हा अवयव आहे, म्हणजे प ला १८ ने भागल्यावर बाकी १ च उरणार. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत फक्त सतरा:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

सतरा भागाकार. लेकीला आठ-नऊ द्या, बाकीचे तुम्ही करा. एकानेही भाग जात नाही.

जुना_मास्तर

मुक्ताताई, उत्तम. शिकवायचं तर असं.

मुक्ता_ल

अजून संपलं नाही, सर! मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

१/७ = ०.१४२८५७…, आवर्तन सहा अंकांचं. १/१३ = ०.०७६९२३…, तेही सहाचं. म्हणजे सहा ही लांबी ७ आणि १३ मध्ये वाटली गेली. पण काही मूळ संख्या अशा असतात की त्यांच्या आवर्तनाची लांबी दुसऱ्या कुठल्याच मूळ संख्येला लाभत नाही. सॅम्युएल येट्स यांनी १९८० मध्ये त्यांना 'अनन्य' मूळ संख्या म्हणून वेगळं काढलं. त्या फार विरळ आहेत. सुरुवात अशी: ३, ११, ३७, १०१, ९०९१, ९९०१, ३३३६६७.

आता आपले अवयव बघा. ३: लांबी १. ३७: ०.०२७०२७…, लांबी ३. ३३३६६७: ०.०००००२९९७०००००२९९७…, लांबी ९. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव अनन्य आहेत, आणि लांब्या पुन्हा १, ३, ९.

हातचा_एक

१, ३, ९ हे ९ चे विभाजक. बहुपदीचे तुकडे त्याच विभाजकांवरून पडतात. मी हर्षदच्या वेळी हे पाहिलं आणि तिथेच थांबलो. तुम्ही पुढे गेलात, फार आवडलं.

दशांश

मुक्ताताई, 'अनन्य' असणं मात्र दहाच्याच पद्धतीतलं आहे, हे नमूद करतो. क = २ ठेवलं तर १११११११११ म्हणजे ५११ = ७ × ७३. तिथली कहाणी वेगळी.

पण आता शरण आलोच आहे, तर माझ्या बाजूचंही थोडं देतो, म्हणजे कुठल्याही पद्धतीत लिहा तरी न बदलणारं.

विभाजकांची संख्या: ५ × ३ × ३ = ४५. (१ ते ९ ची बेरीजही ४५, पण हा मात्र योगायोगच.) वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषमच येणार.

ही परिपूर्ण संख्या असू शकते का? म्हणजे ६ = १ + २ + ३ तशी, स्वतःला सोडून बाकी विभाजकांच्या बेरजेइतकी? एकही गुणाकार न करता उत्तर देता येतं. विभाजक ४५, सगळे विषम. ४५ विषम संख्यांची बेरीज विषम. परिपूर्ण असती तर सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम आली असती. जमणार नाही. हा युक्तिवाद कुठल्याही विषम वर्गाला चालतो. आजवर एकही विषम परिपूर्ण संख्या सापडलेली नाही. सापडलीच, तर ती वर्ग नसेल एवढं लेकीला आत्ताच सांगून ठेवा.

मग विपुल (बाकी विभाजकांची बेरीज संख्येहून जास्त) की न्यून (कमी)? सगळ्या विभाजकांची बेरीज भागिले संख्या = (१२१/८१) × (१४०७/१३६९) × (एकाहून केसभर जास्त), म्हणजे सुमारे १.५३५. दोनपेक्षा कमी, म्हणून न्यून. स्वतःला सोडून बाकीचे विभाजक मिळून संख्येच्या निम्म्याच्या थोडं पुढे जातात, बस.

पायवाट

मी शांतपणे वाचत होतो, पण ३७ दिसल्यावर राहवलं नाही. ३७² = ३५² + १२². मग ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने सगळं गुणलं तर?

१०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११²

कागदावर करून बघितलं, जुळतं! पायथागोरसचं त्रिकूट, आणि तिन्ही बाजू अशा. आपली संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येते तर.

मुक्ता_ल

पायवाट, आणि शून्याचा वर्ग सोडला तर ही एकमेव रीत आहे. ३ आणि ३३३६६७ दोघांनाही ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, त्यामुळे त्यांचे वर्ग असे फुटत नाहीत. ३७ ला बाकी १, तो एकटाच फुटतो आणि एकाच प्रकारे. तुम्ही काढलेलं त्रिकूट हे एकच आहे.

पायवाट

मग ते लेकीच्या वहीत जाऊ दे.

सांजवात

ही संख्या मोठ्याने वाचायची कशी, हे कुणीच विचारलं नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली स्थानांची नावं घेतली तर:

१ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दशक, १ एकक.

एकेका अंकाला एकेक नाव, जोड्या लावायची गरज नाही. अठरा स्थानांपैकी फक्त परार्ध रिकामं राहतं. आजच्या रीतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.

जुना_मास्तर

सांजवात, तुम्ही भास्कराचार्य काढलेत तर मी त्यांच्याही मागे जातो. नवव्या शतकात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या शब्दांत सांगितली आहे: 'एकादिषडन्तानि क्रमेण हीनानि'. एकपासून सहापर्यंत, मग क्रमाने उतरत. म्हणजे सहा एक्क्यांचा वर्ग. आपल्या संख्येची तीन पायऱ्या धाकटी बहीण. १५२२०७ × ७३ = ११११११११ असले गुणाकारही त्यांच्याकडे आहेत. उत्तर गळ्यातल्या हारासारखं दिसावं म्हणून ते मुद्दाम असे रचत.

दशांशराव, अकराशे वर्षांपूर्वीचा गणिती सौंदर्यासाठी उदाहरण रचतो. त्याला स्थानमूल्य पक्कं कळलेलं असल्याशिवाय हे होत नाही.

दशांश

सर, यावर वाद नाही. 'एकादिषडन्तानि' हे आज पहिल्यांदा कळलं.

ऊन_सावली

कापरेकरांच्या 'स्वयंभू' संख्याही असतात ना? जिला जनक नसतो त्या. ही स्वयंभू आहे का?

हातचा_एक

नियम असा: एखादी संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, जी येईल तिची ती जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. शोधलं. आपली संख्या ९ ने विभाज्य, म्हणून जनकही ९ ने विभाज्य हवा आणि अंकांची बेरीजही. थोड्याच शक्यता उरतात. त्यांतली एक लागली:

१२३४५६७८९८७६५४२४०, अंकांची बेरीज ८१.
१२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = १२३४५६७८९८७६५४३२१

म्हणजे स्वयंभू नाही. जनक हा एकच, आणि त्याच्या अंकांची बेरीजही ८१ च.

चौकटीची_वही

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! वहीची चार पानं भरली. मूळ प्रश्नाकडे येते. लेकीने दोन रकाने आखलेत. डावीकडे 'कशीही लिहा तरी': विषम, वर्ग, ४५ विभाजक, न्यून, दोन वर्गांची बेरीज. उजवीकडे 'दहाच्या पद्धतीत': उलटसुलट, हर्षद, अद्भुत डेम्लो, स्वयंभू नाही, अवयव अनन्य. मध्ये तिने एक बारीक रकाना ठेवलाय. त्यात हातचा_एक यांची बहुपदी लिहिली आणि तिथून दोन्हीकडे बाण काढले. मी काही सांगितलं नव्हतं.

सतरापैकी नऊ भागाकार झालेत. २७१ पर्यंत पोहोचलो, अजून तरी भाग गेलेला नाही. आणि आत्ताच तिने विचारलंय की मध्ये १० घुसवला तर? १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

मुक्ता_ल

ती वीस अंकी संख्या मूळ आहे! ३७ नाही, ३३३६६७ नाही, एकही तुकडा नाही. पण हिच्यासाठी सतरा भागाकारांत भागणार नाही, संगणकच घ्या. आणि बिट_आणि_बाइट यांनी सांगितलेलं लक्षात ठेवून मजकूर म्हणून टाका.

बिट_आणि_बाइट

हो, ही मी वर सांगितलेल्या ६४ बिटांच्या पूर्णांक प्रकारात मावत नाही; ऋण संख्या न ठेवणाऱ्या ६४ बिटांच्या प्रकारात मात्र मावते. मोठे पूर्णांक हाताळणारी सोय घेतलेली बरी. उद्या सकाळी छोटा प्रोग्रॅम लिहून इथेच टाकतो, लेकीला चालवता येईल असा.